मातीचं घर: माती सोडून बाकी सगळ्याचा हिशोब

'माती आपल्याच जमिनीतली, दगड आपल्याच बांधाचा, मग घराला असा कितीसा खर्च येणार?' कोकणात जागा घेऊन मातीचं घर बांधायचं ठरवलेल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. प्रश्नात चूक काही नाही. दोन पिढ्यांपूर्वी आपल्याकडे अशी घरं खरंच फारशी रोकड न लागता उभी राहिली. फक्त त्या हिशोबात एक रकाना कायम कोरा होता. चिखल कुणी तुडवला, पाणी कुणी वाहिलं, भिंत दरवर्षी कुणी लिंपली, याचे पैसे कुणी कुणाला दिले नव्हते. सुताराला बलुतं मिळायचं, शेजारीपाजारी सावडीने यायचे आणि सारवण-लिंपण घरातल्या बायका करायच्या. आज घर बांधताना तो कोरा रकाना भरावा लागतो, आणि तोच सगळ्यात मोठा निघतो.

एक साधं घर डोळ्यांसमोर ठेवू. आतून २० बाय ३० फूट, म्हणजे ६०० चौरस फूट. बाहेरच्या भिंती आणि मधली एक आडवी-उभी भिंत धरून १३० फूट लांबी. चिखलाचे गोळे एकावर एक रचून केलेली दीड फूट जाडीची भिंत, सरासरी उंची ९ फूट. दारं-खिडक्यांचे १५ टक्के वजा केले तर भिंतीचं घनफळ साधारण १४९० घनफूट भरतं, म्हणजे ४२ घनमीटर. ही माती आपल्याच जागेतून काढायची तर १५ बाय १५ फुटांचा, साडेसहा फूट खोल खड्डा होईल. तोही वरची फूटभर सुपीक माती बाजूला काढून, कारण मुळं आणि कुजलेला पालापाचोळा असलेली माती भिंतीला चालत नाही. खणल्यावर माती फुगते, त्यामुळे मोकळी मोजाल तर २१-२२ ब्रास होते (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). बाहेरून आणायची तर ट्रॅक्टरच्या तितक्या ट्रॉल्या, आणि त्यावर गौण खनिजाचं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. त्यासाठीची परवानगी तहसील कार्यालयातून घ्यावी लागते, तेव्हा खणायला लागण्याआधी तलाठ्याला विचारलेलं बरं.

सुकल्यावर या भिंतीचं वजन ७० टनांच्या घरात जातं. ही ७० टन माती एकदाच उचलून भागत नाही. ती खणायची, चाळायची, भिजवायची, तुडवायची, वाहायची आणि भिंतीवर चढवायची. प्रत्येक घमेलं सहा वेळा कुणाच्या तरी हाताखालून जातं.

चिखलाचं काम जवळून बघितलं की हिशोब आपोआप कळतो. ताडपत्रीवर आठ घमेली माती, रात्रभर भिजलेली. दोन माणसं अनवाणी चढतात, टाचेने दाबत कडेपासून आत येतात, मग ताडपत्रीचं एक टोक ओढून ढीग उलटा करतात आणि पुन्हा चढतात. तिसऱ्या-चौथ्या उलटीला भाताचा पेंढा विस्कटून टाकायचा, तोही थोडा थोडा. एकदम टाकला तर त्याचे पुंजके होतात आणि भिंतीत तिथेच पोकळी राहते. गोळा करून कमरेच्या उंचीवरून टाकला आणि तो न फुटता जरासा चपटा झाला, तर चिखल तयार. एका ढिगाला अर्धा तास सहज जातो आणि त्यातून पाऊण-एक फूट लांबीची, फूटभर उंचीची भिंतही धड होत नाही असं पहिल्या दिवशी वाटतं. प्रत्यक्षात जेमतेम दीड-पावणेदोन फूट होते. दिवसभरात एका माणसामागे ०.३ घनमीटर भिंत झाली तर काम चांगलं चाललंय असं समजावं. ४२ घनमीटरला १४० हजेऱ्या. बिगाऱ्याची हजेरी ७०० रुपये धरली तर ९८,००० रुपये, आणि यात चाळणं, पाणी भरणं, बाहेर आलेली पोटं ओळंब्यात तासून काढणं, परांची बांधणं धरलेलं नाही. ते धरलं की आकडा २०० हजेऱ्यांच्या आसपास जातो. याच मापाची ९ इंची जांभ्याची भिंत गवंडी आणि बिगारी मिळून ५० हजेऱ्यांत उभी करतात. चिऱ्याचे, म्हणजे जांभ्याच्या दगडाचे, पैसे वाचले ते असे गेले.

चिखल जेसीबीच्या बकेटने किंवा रोटाव्हेटरने कालवला तर मेहनत निम्म्यावर येते आणि यात कमीपणा मानण्यासारखं काही नाही. फक्त यंत्राने कालवताना पाणी जास्त पडतं. तसा पातळ चिखल भिंतीवर चढवला की खालचा थर फुगतो. एका वेळी फूट-सव्वा फुटापेक्षा जास्त उंची घेऊ नये, आणि पुढचा थर खालच्यावर अंगठा जोराने दाबूनही खड्डा पडत नाही तेव्हाच चढवावा. हिवाळ्यात याला चार ते सात दिवस लागतात. ९ फुटांसाठी नऊ थर, म्हणजे फक्त भिंतीला दोन महिने. त्या चार-सात दिवसांत मजूर बसून राहत नाहीत, दुसऱ्या कामाला जातात, आणि गेलेला मजूर आंबा-काजूच्या हंगामात परत मिळेलच असं नाही. म्हणून घराची एक बाजू सुकत असताना दुसरी बाजू चालू राहील अशी आखणी पहिल्या दिवशीच करावी लागते.

मातीची परीक्षा स्वस्त आहे, आणि तरीही तीच टाळली जाते. पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून एक दिवस ठेवायची. तळाला खडे आणि रेती, वर गाळ, सगळ्यात वर चिकणमातीचा थर. दुसरी परीक्षा वळीची: ओली माती मळून तीन सेंटीमीटर जाडीची वळी करायची आणि टेबलाच्या कडेवरून हळूहळू पुढे सरकवायची. पाच सेंटीमीटरच्या आत तुटली तर रेती जास्त, पाच ते पंधराच्या मध्ये तुटली तर उत्तम, त्याहून लांब लोंबकळली तर चिकण जास्त. तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: ६० सेंटीमीटर लांब, ४ बाय ४ सेंटीमीटरची लाकडी पेटी करून ओली माती दाबून भरायची, सावलीत पूर्ण सुकू द्यायची आणि टोकाला किती फट पडली ते मोजायचं. १२ मिलीमीटरच्या वर गेली तर रेती वाढवल्याशिवाय ती माती भिंतीला लावू नये. कोकणातली तांबडी माती बहुधा कमी आकसते. देशावरची काळी माती मात्र पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. जुन्या लोकांनी तिथे घराला गावठाणातली पांढरी माती वापरली ती याच कारणाने. काळ्या जमिनीत मातीचं घर करायचं तर माती बाहेरूनच आणावी लागणार आणि पायाही वेगळा करावा लागणार, हे जागा घेण्याआधीच लक्षात घ्यायला हवं.

दाबून केलेल्या विटांचा पर्याय पुष्कळ जण निवडतात. यात मातीत ५ टक्के सिमेंट मिसळून हाताच्या दाबयंत्रात वीट काढतात. २४ बाय २४ बाय ९ सेंटीमीटरची वीट घेतली तर आपल्या ९२ चौरस मीटर भिंतीला सांध्यांसकट चौरस मीटरमागे ४०, म्हणजे ३,७०० विटा लागतात. फूटतूट धरून ४,१०० काढाव्यात. एक वीट साडेनऊ किलोच्या वर. सिमेंट जवळपास ४० पोती. म्हणजे 'बिनसिमेंटचं घर' हा शब्द इथेच सोडून द्यावा लागतो. यंत्र विकणारा दिवसाला हजार विटा सांगतो. सात जणांच्या नव्या टोळीकडून पाचशे निघाल्या तरी समाधान मानावं. पहिल्या दोन दिवसांच्या विटा हमखास फेकण्यात जातात, कारण ओलावा साधलेला नसतो. त्यानंतर सावलीत, गोणपाट टाकून, २८ दिवस पाणी मारणं. हे पाणी मारण्याचं काम सोपं म्हणून कुणाच्याच नावावर नसतं, आणि उन्हात चार दिवस कोरड्या राहिलेल्या विटांच्या कडा पुढे बोटाने सुटतात. पाणी मारायला एक माणूस नेमून त्याचे पैसे वेगळे काढून ठेवा.

आता छप्पर. मातीच्या घरात पैसा कुठे जातो असं कुणी विचारलं तर बोट छपराकडेच दाखवावं लागेल. भिंतीचं आयुष्य पावसाचं पाणी तिच्यापासून किती लांब पडतं यावर ठरतं. कोकणात चारही बाजूंनी साडेतीन फूट पुढे आलेली पावळी हवी. आपल्या घराची बाहेरची मापं २३ बाय ३३ फूट. पावळी धरून ती ३० बाय ४० होतात, म्हणजे १२०० चौरस फूट. त्यावर ३० अंशांचा उतार दिला की प्रत्यक्ष छप्पर १३८६ चौरस फूट भरतं. ६०० चौरस फुटांच्या घराला त्याच्या सव्वादोन पटीहून मोठं छप्पर. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ धरली तर १,९३०, वर कोने आणि फूट धरून २,१०० कौलं. कोरड्या कौलांचाच भार पाच टनांपर्यंत, आणि कौल पाणी पितं, त्यामुळे आषाढात तो आणखी वाढतो.

लाकूड मोजू. दोन-दोन फुटांवर वासे घेतले तर दोन्ही उतारांना मिळून ४२, प्रत्येक साडेसतरा फूट लांब. अडीच बाय पाच इंची घेतले तर ६३ घनफूट. रिपा दर साडेबारा इंचांवर, एकूण १,३३० फूट, म्हणजे १८ घनफूट. आढं आणि भिंतीवरच्या पट्ट्या १७ घनफूट. सगळं मिळून १०० घनफुटांच्या आसपास, आणि हे तासकाम, जोड, खिळे, लाकडाला तेल लावणं याच्याआधी. गावातल्या सुताराकडे आता कौलारू छपराचं काम क्वचित येतं. जो अजून करतो त्याच्या तारखा आधीपासून धराव्या लागतात. छपराला लोखंडी चौकोनी नळ्या वापरणं मला गैर वाटत नाही. वाळवीचा प्रश्न निम्मा सुटतो, आणि जंगलातलं चांगलं लाकूड वाचतं. नळ्यांवर गंजरोधक रंगाचे दोन हात आणि जोडाच्या जागी तिसरा हात मात्र चढवण्याआधी जमिनीवरच द्यावेत. वर गेल्यावर कुणी देत नाही.

पाणी किती येणार त्याचाही अंदाज हवा. १२०० चौरस फूट म्हणजे १११ चौरस मीटर. वर्षाला ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात या छपरावरून चार महिन्यांत ३ लाख ३३ हजार लिटर पाणी खाली येतं. पन्हळ नसेल तर हे सगळं पागोळ्यांच्या एका रेषेत जमिनीवर आपटतं आणि तिथून उडून जोत्यावर, जोत्यावरून भिंतीच्या पायथ्याशी. पहिल्या पावसाळ्यानंतर नव्या घराच्या भिंतीला जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत तांबूस शिंतोड्यांचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यात बोट फिरवून बघा. गिलावा रवाळ लागत असेल, वाळूचे कण सुटत असतील, तर पागोळ्यांखाली खडीचा चर आणि पुढे पाण्याला वाट करून द्यायला अजून उशीर झालेला नाही. पश्चिमेच्या आणि नैऋत्येच्या भिंतीला तर पावळीही पुरत नाही, पाऊस आडवा येतो. पूर्वी तिथे माडाच्या चुडतांची झापं बांधत. आज ती विणणारे कमी उरलेत, म्हणून त्या दोन बाजूंना पडवी काढणं हाच टिकाऊ उपाय, आणि पडवी म्हणजे पुन्हा छप्पर, पुन्हा जोतं, पुन्हा पैसे.

यातून क्रमाचा प्रश्न येतो. मातीची भिंत आधी आणि छप्पर नंतर असं ठरवलं तर मेच्या अखेरीला जीव टांगणीला लागतो. वळवाची एक सर उघड्या भिंतीच्या माथ्यावर पडली की वरचा थर विरघळून बाजूंवर ओघळतो आणि तो पूर्ण खरवडून पुन्हा घालावा लागतो. ताडपत्र्या बांधल्या तर वाऱ्याने फाटतात, शिवाय खाली भिंत सुकायची थांबते. जुनी कोकणी रीत शहाणपणाची होती: आधी खांब आणि तुळया, त्यावर छप्पर, आणि मग त्या सावलीत निवांत भिंती. खांबांचा खर्च वाढतो, पण भिंतीला हवा तेवढा वेळ मिळतो, मातीवर कौलांचा भार येत नाही आणि पाऊस लवकर आला तरी नुकसान होत नाही. माझं मत विचाराल तर कोकणात दुसऱ्या कुठल्याही क्रमाने जाऊ नये.

कामाचे महिने मोजकेच. पाऊस ऑक्टोबरच्या मध्यात थांबतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात परत येतो. पाया आणि जोतं नोव्हेंबरपर्यंत, छप्पर जानेवारीपर्यंत, भिंती मार्चअखेर, गिलावा एप्रिल-मेमध्ये. पेंढा भातकापणीनंतर लगेच घेऊन कोरड्या जागी रचून ठेवावा. ७० टन मातीला साधारण टनभर लागतो, आणि मार्चमध्ये तोच पेंढा गुरांच्या वैरणीच्या भावाने घ्यावा लागतो. पाण्याचंही तसंच. चिखलालाच १४-१५ हजार लिटर पाणी लागतं. गिलाव्याला आणि त्यावर मारायला लागतं ते वेगळं. गिलाव्याचं काम नेमकं विहिरींचा तळ दिसायला लागतो तेव्हा येतं. टँकरचे पैसे अंदाजपत्रकात क्वचितच असतात. ते धरा, किंवा पावसाळ्याआधीच एक साठवण टाकी करून ठेवा. ती पुढे घरालाही उपयोगी पडते.

पायाकडे येऊ. आरसीसीच्या घराला खांबांखाली खड्डे घेतले की भागतं. मातीच्या जाड भिंतीला सलग पाया लागतो. अडीच फूट रुंद, तीन फूट खोल, त्यावर दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच दगडी जोतं, असं १३० फूट. डबराचं काम जवळपास १५०० घनफूट होतं, म्हणजे वरच्या मातीच्या भिंतीएवढंच घनफळ पुन्हा दगडात. जमिनीखाली जांभ्याचा कातळ लवकर लागला तर यातलं बरंच वाचतं. जोत्यावर ओल अडवणारा थर घालायचा, आणि जोत्याच्या बाहेरच्या अंगाला गिलावा करायचा नाही. दगड उघडे ठेवून सांधे चुन्याने भरायचे. कारण वाळवी जमिनीतून वर येताना बोटभर रुंदीची मातीची नळी बांधत येते. उघड्या दगडावर ती नळी लगेच दिसते आणि झाडूने मोडता येते. सलग गिलाव्यामागे ती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा वासा पोकळ झालेला असतो.

भूकंपाचा विचार टाळू नये. कोयनेचा १९६७ चा आणि किल्लारीचा १९९३ चा, दोन्ही आपल्याच राज्यातले. किल्लारीत माणसं गेली ती जाड दगड-मातीच्या भिंती दोन पापुद्र्यांसारख्या फुटल्याने आणि वरचं माळवदाचं वजन खाली आल्याने. भिंतीला भिंत बांधून ठेवणारं काही नव्हतं. मातीच्या इमारतींसाठी भारतीय मानक १३८२७ आहे, तेही १९९३ चंच. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून जास्त नको, एक झरोका-खिडकी १.२ मीटरपेक्षा रुंद नको, दारांच्या माथ्याशी लाकडाचा किंवा काँक्रीटचा सलग पट्टा हवा. म्हणजे दरीकडे बघणारी दहा फुटी काच मातीच्या भारवाही भिंतीत बसत नाही. ती हवीच असेल तर वरचा भार खांब-तुळईवर घ्यावा लागतो. आराखड्याच्या वेळी हे बोलून घेतलं की नंतरची तोडफोड वाचते. मातीच्या कामावर सही करायला तयार असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर जवळपास मिळेलच असं नाही. त्याच्या येण्याजाण्याच्या खेपा आणि फी आधीच धरावी.

चुन्याचा गिलावा बघायला सुंदर दिसतो आणि तितकाच सबुरीचा असतो. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो आणि उडतो. डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे आणि लहान मुलांना लांब ठेवणं यात कसूर करू नये. चुना आधी पाणी घेऊन त्यात टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये. मग तो गाळून पाण्याखाली किमान काही आठवडे मुरवायचा. पाण्याखाली मुरलेला चुना बिघडत नाही, म्हणून तो पायाच्याच दिवसांत भिजत घालावा. फक्कीच्या पोत्यातला चुना चालतो, पण पोतं जुनं असेल तर तो हवेने मेलेला असतो. आपल्या घराला आत-बाहेर मिळून १९० चौरस मीटरच्या वर गिलावा लागतो. मातीची भिंत सरळ नसते, त्यामुळे कागदावर १५ मिलीमीटर असलेला थर खोलगट जागी २५-३० होतो आणि माल तीस टक्क्यांनी वाढतो. एका हातात इतका जाड थर दिला की तो सुटतो. पातळ दोन हात, मधे सुकू द्यायचं, आणि नंतर आठ-दहा दिवस हलका फवारा. ऊन आणि वारा थेट लागला तर केसासारख्या भेगा पडतात, म्हणून गोणपाटाचे पडदे लागतात. सिमेंटच्या कामाची सवय असलेला गवंडी तिसऱ्या दिवशी पाणी बंद करतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने हे काम केलेलंच नसतं. त्याला एक छोटी भिंत शिकण्यासाठी करू द्या आणि ती पाडायची तयारी ठेवा. ते पैसे शिकवणीचे म्हणून वेगळे लिहा. आणि घाई झाली म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा कधीही मारू नका. भिंतीत चढलेल्या ओलीला बाहेर पडायची वाट राहत नाही, आतली माती मऊ होते आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा जाळीसकट पापुद्र्यासारखा सुटतो.

नळ मातीच्या भिंतीतून नेऊ नयेत. न्हाणीघर, संडास आणि स्वयंपाकघराची ओट्याकडची भिंत जांभ्याची किंवा विटांची करावी आणि नळ तिथेच उघड्यावर ठेवावेत. मातीत पुरलेला एक गळका सांधा महिनाभर कुणाला कळत नाही. विजेच्या नळ्या भिंत चढतानाच घालता येतात, पण त्यासाठी कुठला दिवा कुठे, पलंग कुठल्या भिंतीला, फ्रिज कुठे, हे सगळं भिंत गुडघ्याएवढी असतानाच ठरलेलं हवं. २५ लिटरचा भरलेला गिझर चाळीस किलोच्या आसपास जातो. तो मातीत ठोकलेल्या खिळ्यावर राहत नाही. गिझर, कपाटं, फळ्या, पडद्यांचे दांडे, दारांच्या चौकटी, या प्रत्येकासाठी लाकडी ठोकळे थरात आडवे पुरावे लागतात. त्यांची यादी आणि उंची एका कागदावर लिहून भिंतीजवळ लावा. ही यादी करायला घरच्यांचे चार-पाच दिवस मोडतात आणि वादही होतात. गोल भिंत हवी असणाऱ्यांनी याच वेळी कपाटाचाही विचार करावा. गोल भिंतीला टेकणारं कपाट बाजारात मिळत नाही, आणि सुतार ते करून देतो तेव्हा सरळ कपाटाच्या दीडपट-दुप्पट दिवस लावतो.

जुन्या वाड्यांची दारं-खिडक्या वापरायचा मोह सगळ्यांना होतो. सागवानी दार नव्याच्या निम्म्या पैशात मिळतं हे खरं. पण चौकट काटकोनात राहिलेली नसते, उंची बऱ्याचदा साडेपाच फूट असते, बिजागऱ्या गेलेल्या असतात, जुना रंग थरावर थर चढलेला असतो. ते खरवडणं, चिरा भरणं, कडी-कोयंडा नवा बसवणं यात सुताराचे तीन-चार दिवस जातात. आणि वीस खिडक्यांची वीस मापं. भिंत चढवण्याआधी प्रत्येक चौकट साइटवर हजर हवी, कारण त्यानुसार भोक ठेवायचं असतं. चौकटीच्या वर बोटभर मोकळी जागा सोडावी. माती सुकताना खाली बसते आणि जागा नसेल तर चौकट दाबली जाऊन दार अडकतं.

साइटपर्यंतचा शेवटचा टप्पाही मोजा. कोकणात पुष्कळ जागा पाखाडीवरच्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेवरच्या असतात, ट्रक खालच्या रस्त्यावर थांबतो. २,१०० कौलं डोक्यावरून पाच-पाच नेली तर ४२० खेपा होतात. तसंच दगड, चुना, लाकूड. उतरवण्याची मजुरी आणि वाहण्याची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भाव ठरवताना दोन्ही बोलाव्यात.

कागदांचं थोडक्यात. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सहसा घेता येत नाही, आणि गावठाणाबाहेर बांधायचं तर जमिनीच्या वापराचे नियम आधी तपासून घ्यावेत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये मातीच्या इमारतीची नोंद वेगळ्या प्रकारात होते. घरपट्टी त्यामुळे कमी बसते, पण बँकेचा मूल्यांकन करणारा तेच बघून घराची किंमत कमी लावतो किंवा कर्जाला नकार मिळतो. म्हणून पैसे घरातूनच उभे करायची तयारी ठेवावी आणि काम टप्प्यांनी आखावं. छप्पर झाल्यावर थांबता येतं, अर्ध्या भिंतीवर थांबता येत नाही.

शिकाऊ स्वयंसेवक बोलावून मजुरी वाचवण्याचा एक मार्ग हल्ली बराच चालतो. ती मुलं मनापासून काम करतात. पण बारा जणांचं दोन वेळचं जेवण, चहा, झोपायची सोय, न्हाणीघर, शिकवणारा जाणकार आणि चुकलेलं पुन्हा करणं यांचा खर्च मांडला तर वाचलेला पैसा फार उरत नाही. आणि त्यांच्यासाठी सकाळ-संध्याकाळ रांधणारं घरातलं माणूस या हिशोबात पुन्हा कोऱ्या रकान्यात जातं. तिलाही हजेरी लावा.

तीच गोष्ट पुढच्या प्रत्येक वर्षाची. शेणाने सारवलेली जमीन पायाला गार लागते, ती आठ-पंधरा दिवसांनी सारवावी लागते, आणि गुरं नसलेल्या गावात शेणही विकत घ्यावं लागतं. कोण सारवणार याचं उत्तर नाव घेऊन देता येत नसेल तर शहाबादी फरशी किंवा लाल कोबा करावा. त्यात घराचा काही अपमान होत नाही. मे महिन्यात कौलं शाकारायची, फुटलेली बदलायची, वानरांचा वावर असेल तर दोनदा. नवरात्राच्या आधी भिंतीच्या पायथ्याची लिंपण, दोन-तीन वर्षांनी चुन्याची सफेदी, दर महिन्याला जोत्याभोवती एक फेरी वाळवीच्या नळ्यांसाठी. वर्षाकाठी पंधरा-वीस हजेऱ्या धराव्या. घर बंद ठेवून शहरात राहणाऱ्यांनी तर या हजेऱ्या गावातल्या कुणाशी तरी आधीच ठरवून, पावसाआधीचे निम्मे पैसे हातात देऊन ठेवावेत.

आणि काम संपल्यावर साइट साफ करायला आलेल्या माणसाला उरलेली माती उचलू देऊ नका. गिलाव्याची चाळलेली निदान एक ब्रास आणि भिंतीची एक ब्रास माती पडवीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून उंच, गोणीत भरून झाकून ठेवा. गोणीवर कोणती माती, किती रेती, किती चुना हे रंगाने लिहून ठेवा. पाच वर्षांनी भिंतीचा कोपरा लिंपायचा येईल तेव्हा त्याच खड्ड्यातली, त्याच रंगाची आणि तितकीच आकसणारी माती दुसरीकडे मिळत नाही, आणि वेगळ्या मातीचं ठिगळ पहिल्याच उन्हाळ्यात कडेने सुटतं.